न बघता केलेली सही मागे घेताना

दि. ९ जून, रविवार
दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा महिनाभर नीट वाकत नसल्यामुळे हा नमस्कार तूर्त मनातल्या मनात घातला आहे. गुडघा सुधारला की राहिलेला भाग पुरा करीन.)

पाच महिने पत्र नाही, याबद्दल आधी माफी मागतो. कामाचा व्याप, गुडघा आणि ऑफिसात आलेले नवे कॉम्प्युटर अशी तीन कारणे मी पहिल्या मसुद्यात दिली होती. दुसऱ्या मसुद्यात गुडघा खोडला, कारण गुडघ्याने कोणी पत्र लिहीत नाही. तिसऱ्या मसुद्यात उरलेली दोन खोडली. खरे कारण असे की मला लाज वाटत होती, आणि लाज वाटत असली की माणसाला समोरच्याच्या तब्येतीची चौकशीसुद्धा धड करता येत नाही. ती आता करतो. तुझा रक्तदाब कसा आहे? वहिनीची पाठ? माळ्यावरच्या फायलींना वाळवी लागली होती, ती हटली का? (या तिन्हीतली कोणती चौकशी पहिली करायला हवी होती यावर मी बराच विचार केला. वहिनीची पाठ पहिली हवी होती. पण आता पेनाने लिहून झाले.)

आता मुद्दा. यातले निम्मे तुला ठाऊक आहे, तरीही सगळे पहिल्यापासून लिहितो. कागद असा असावा की तो परक्याच्या हाती पडला तरी त्याला कोणाला काही विचारायला लागू नये, हे मी कॉलेजात असताना तूच मला शिकवलेस. कोर्टाच्या रेकॉर्डखोलीत तीस वर्षे काढलेल्या माणसाचे सांगणे ते. शिवाय फोनवरचे बोलणे म्हणजे वाफ, असेही तूच म्हणतोस. म्हणून फोन न उचलता लिहायला बसलो आहे.

बावीस वर्षांपूर्वी मी लिफ्ट तपासणीच्या खात्यात निरीक्षक म्हणून लागलो, तेव्हा तू जाहीर केलेस की याच्या एका सहीवर जर शेकडो माणसे बिनघोर वर-खाली करणार असतील, तर आपल्या घरानेही ती सही मानली पाहिजे. तेव्हापासून घरात काही ठरवायचे झाले की तू मला पत्र टाकतोस, मी बघून येतो आणि लेखी अभिप्राय देतो, आणि तू तो ‘धाकट्याचे अभिप्राय’ या फायलीत लावतोस. सोफा, पाण्याचा पंप, दाताचा डॉक्टर, आत्याचा जावई. (जावयाबद्दल मी ‘भार पेलण्याची क्षमता पुरेशी’ एवढेच लिहिले होते. चार मुले अधिक आत्या, असा भार पेलून त्याने माझी सही आजवर सांभाळली आहे.) या फायलीचा मला अभिमान होता हे कबूल करतो. डायरीत मी तिला एकदा ‘माझी खरी नोकरी’ असेही म्हटले आहे. ते वाक्य आता वाचवत नाही.

जानेवारीत तुझे पत्र आले. आपली खार (लहानपणी पेन्सिली कुरतडायची म्हणून लेकीचे हे नाव तूच ठेवलेस) पदवीनंतर नोकरी बघायची सोडून चित्रे हलवून चित्रपट करण्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचे म्हणते, जूनमध्ये त्याचे फॉर्म भरायचे आहेत, आणि हे खूळ कुठल्याशा जपानी चित्रपटामुळे शिरले आहे, तेव्हा तो बघून अभिप्राय कळव, असा त्याचा आशय. मी दोन इमारतींच्या तपासणीमधल्या बारा मिनिटांत, वॉचमनच्या खोलीत, त्याच्या डब्यावर कागद ठेवून अभिप्राय लिहिला. तुझ्या फायलीत तो असेलच, पण माझ्या डायरीतही त्याची नक्कल आहे: ‘सदर चित्रपट चित्रांचा असल्याने लहान मुलांसाठी आहे. असल्या कामात मुलीने आयुष्य घालणे सुरक्षित दिसत नाही.’ खाली सही. सही चांगली लफ्फेदार आली आहे.

दादा, तो चित्रपट मी बघितला नव्हता.

तुझे जानेवारीचे पत्र परवा पुन्हा काढून वाचले. त्यात ‘बघून कळव’ असे स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे चूक पत्रातली नाही. तू माझा अभिप्राय जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलास, खारीने चमचा ताटात ठेवला आणि ती उठून गेली, एवढे वहिनीकडून कळले. दर रविवारी सकाळी तिचा मला फोन यायचा (‘काका, या आठवड्यात कुणाची लिफ्ट बंद पाडलीस?’ ही तिची नेहमीची सुरुवात), तो थांबला. पंधरा दिवसांनी जाडसर पाकीट आले. आत एक पेन ड्राइव्ह आणि वहीच्या कागदाचा तुकडा. त्यावर एकच ओळ: ‘काका, लिफ्ट न बघता सही करतोस का?’

ते पाकीट मी टेबलाच्या खालच्या खणात ठेवले. का ठेवले, टाकून का दिले नाही, पेन ड्राइव्ह लावून चित्रपट लगेच का बघितला नाही, यावर डायरीत नऊ पाने आहेत. ती तुला पाठवत नाही. सारांश असा, की मी भ्यालो. चित्रपट वाईट निघाला असता तर प्रश्न नव्हता. चांगला निघाला तर?

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका सोसायटीत तपासणीला गेलो होतो. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात घोटाभर पाणी साचले होते. चेअरमन म्हणाले, “साहेब, तिथे उतरून काय बघणार? सगळं गेल्या वर्षीचंच आहे. सही ठोका आणि वर चहाला या.” मी ताठ उभा राहिलो आणि सांगितले, “न बघता मी सही करत नाही. बावीस वर्षांत केलेली नाही.” आता लिफ्टच्या बोगद्यात आवाज घुमतो, हे तुला माहीत असायचे कारण नाही. माझे वाक्य सात मजले वर गेले आणि तिथून परत खाली आले: केलेली नाही... केलेली नाही. चेअरमनच्या चेहऱ्यावर आदर दिसत होता. मी पँट दुमडून खड्ड्यात उतरलो. काम नव्हते तरी आणखी दहा मिनिटे तिथेच उभा राहिलो, कारण वर येऊन त्या आदराकडे बघणे मला जमण्यासारखे नव्हते. (गुडघा तेव्हापासून.) त्या पाण्यात उभा असतानाच ठरवले: चित्रपट बघायचा, रीतसर बघायचा, आणि अर्धवट एक मिनिटही सोडायचे नाही.

१२ मे, रविवार, सकाळी नऊ. पहिली तपासणी. चित्रपट तपासण्याचा छापील नमुना माझ्याकडे नसल्यामुळे लिफ्टचाच घेतला. ‘दरवाजे’, ‘दोर’, ‘धोक्याची घंटा’ हे रकाने रिकामे राहतील असे गृहीत धरले होते. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरे पळत होती. माझा दूरचा चष्मा लावला तर अक्षरे फुटतात आणि जवळचा लावला तर चित्र विरघळते. दोन्ही एकत्र असलेला चष्मा मी कधीच घेतलेला नाही, दोन्हीकडे अर्धेच बघितल्यासारखे वाटते म्हणून. विचारांती जवळचा चष्मा लावून टीव्हीपासून दोन फुटांवर खुर्ची घेतली आणि एक तास बावन्न मिनिटे एकही शब्द न गाळता सगळा मजकूर वाचून काढला. मागे बायको मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. तिला अक्षरे दिसत नव्हती आणि तिला त्याचे काही वाटतही नव्हते.

वाचून झाल्यावर नमुना भरला. ‘पात्रे दोन: एक मुलगी व तिची मावशी. डोंगरातल्या गावी दरीवरून लोखंडी दोराचा पाळणा जातो, तो या दोघी चालवतात. नवा पूल होतो, पाळणा बंद पडतो. संवाद मोजके व सभ्य. मधूनमधून बराच वेळ काहीच घडत नाही. त्या वेळात चष्मा पुसून घेतला. एकूण मध्यम.’ सही करणार एवढ्यात बायकोने मशीन थांबवून विचारले, “शेवटी त्या ओल्या रजईचं काय झालं हो? उतरली का ती पलीकडे?”

मी विचारले, कुठली रजई?

“अहो, रोज पाळण्यात येऊन बसायची ती! एवढी मोठी, ओली, गप्प. तिच्यासाठीच तर सगळं चाललं होतं.”

दादा, मी वही चाळली. रजईची नोंद कुठेच नव्हती. मग उलगडा झाला. तो जो कोणी प्राणी आहे, धुक्याचा म्हण, ओल्या कापसाचा म्हण, तो संपूर्ण चित्रपटात एक शब्द बोलत नाही. बोलत नाही म्हणून त्याच्या नावाने खाली अक्षरे येत नाहीत. आणि अक्षरे नाहीत म्हणून मी त्याला बघितलेच नाही. जवळजवळ दोन तास चित्रपटाच्या नायकासमोर बसून तो नायक माझ्या नजरेतून सुटला होता, आणि मी ‘पात्रे दोन’ लिहून त्याखाली सही ठोकायला निघालो होतो! बायको म्हणाली, “बावीस वर्षं वर-खाली बघण्यात गेली तुमची. समोरचं दिसत नाही.” मी नमुना फाडला नाही. त्यावर ‘रद्द’ लिहून ठेवून दिला.

१९ मे, रविवार. दुसरी तपासणी. या वेळी दूरचा चष्मा, खुर्ची आठ फुटांवर, आणि टीव्हीच्या खालच्या कडेला बायकोच्या कापडाची चार बोटांची पट्टी चिकटवली, म्हणजे अक्षरांचा मोह नको. (कापड फुलाफुलांचे होते. त्यामुळे त्या गावात बारमाही फुले असतात असे मला उगाच वाटत राहिले. ती माझी चूक, चित्रपटाची नव्हे.) आणि मग मी तो बघितला, दादा. मुलगी दहा-अकरा वर्षांची. पाळण्यात चढणाऱ्या प्रत्येक माणसाची ती वहीत नोंद करते, आणि पाळण्याच्या काट्यावर किती वजन दाखवले तेही लिहिते. तो ओला जीव रोज सकाळी पहिल्या फेरीला येऊन बसतो. मावशीला तो दिसत नाही. तो बसला तरी काटा शून्यावरून हलत नाही. म्हणून मुलगी त्याला वहीत घेत नाही, कारण ज्याचे वजन नाही त्याची नोंद करायची कशी? (नियमाप्रमाणे तिचे बरोबर आहे. मीही घेतली नसती.) पूल होत जातो, माणसे कमी होत जातात, शेवटी शेवटी तर वहीच्या पानावर तारखेशिवाय काही नसते, आणि हा मात्र रोज येतो. शेवटच्या दिवशी ती त्याच्याकडे बराच वेळ बघते, मग पेन्सिल उचलते आणि लिहिते: एक. आणि काटा हलतो.

इथे माझ्या डोळ्यांतून पाणी आले. घरात कोणी कांदा चिरत नव्हते, हे उठून स्वयंपाकघरात जाऊन तपासले. दुसरीही एक शक्यता विचारात घेतली: वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माणूस कशानेही रडतो, मग या पाण्याला पुरावा मानावे का? म्हणून त्या आठवड्यात मुद्दाम तीन-चार करुण गोष्टींचा विचार करून पाहिला, त्यात माझी अडकून पडलेली बढतीही घेतली. डोळे कोरडे राहिले. तेव्हा पाणी चित्रपटाचेच, असे धरायला हरकत नाही.

तरीही मी अभिप्राय लिहिला नाही. एकदा घाई करून झाली होती. मला एक गोष्ट सलत होती. शेवटच्या फेरीच्या आधी मावशी अंथरुणावरून एवढेच विचारते, दोर बघितलास? (पट्टी लावलेली असूनही हे मला कळले, कारण पहिल्या वेळी वाचले होते. म्हणजे ती मेहनत अगदीच वाया गेली नाही.) मग मुलगी एकटी यंत्राच्या खोलीत जाते. तीन मिनिटे बोलणे नाही, संगीत नाही. पहिल्या वेळी मी याच तीन मिनिटांत चष्मा पुसला होता. ती खिशातून रुमाल काढते, दोराभोवती सैल गुंडाळते आणि दोर हळूहळू रुमालातून सरकू देते. मी खुर्चीतून उठलो, तिथेच थांबवले, मागे नेऊन पुन्हा बघितले. दोराची एखादी तार तुटली असली तर डोळ्याला दिसत नाही. सुती फडके धरून दोर फिरवला की तुटलेल्या तारेचे टोक फडक्यात अडकते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला माझ्या साहेबांनी शिकवलेली ही पहिली गोष्ट! जपानमध्ये बसून कागदावर चित्रे काढणाऱ्याला ती कोणी सांगितली?

माझ्या मनाचा भरवसा मला उरलेला नसल्यामुळे २ जूनच्या रविवारी ग्रीसमामाला बोलावले. हा आमच्या भागातला सगळ्यात जुना लिफ्टचा मेकॅनिक. हाताचे काळे वंगण कधी निघत नाही म्हणून हे नाव, आणि माझ्या अहवालांवर तोंडावर हसण्याचा अधिकार असलेला एकमेव माणूस. “साहेब, रविवारी सकाळी कार्टून बघायला बोलावलंत? तब्येत बरी आहे ना?” असे दारातच विचारून घेतले. बायकोने सोफ्यावर जुनी चादर टाकली, मगच त्याला बसू दिले. पहिला अर्धा तास त्याच्या तक्रारी चालू होत्या: पाळण्याचे दार बाहेर का उघडते, मुलीच्या डोक्यावर हेल्मेट का नाही, हा ओला बाबा दोन्ही सीट अडवून का बसलाय. मग दोराची खोली आली. रुमाल सरकत होता. एका जागी त्याचा एक धागा अडकला, ताणला गेला आणि हलकेच तुटला. मुलीने तिथे खडूने खूण केली.

“परत लावा,” मामा म्हणाला. परत लावले. “अजून एकदा.” अजून एकदा लावले. मग तो पुढे वाकला, बोट टीव्हीला लागू नये म्हणून हात मागे बांधले आणि म्हणाला, “ज्यानं हे काढलंय ना साहेब, तो दोराला हात लावून आलाय. खुर्चीत बसून नाही काढलंय हे. पहिल्यांदा बघितलंय, मग काढलंय.” जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, “आपल्यातला माणूस आहे तो.”

मामा गेला. बोलायला तो फार काही बोलला नव्हता. पण बघ दादा: जो दोर कुठेच अस्तित्वात नाही, ज्याला कोणी लटकणार नाही, ज्याच्यावर कोणाचा जीव अवलंबून नाही, त्याच्यासाठी कोणीतरी खऱ्या दोराला हात लावून आला. आणि ज्या कागदावर आपल्या खारीची तीन वर्षे लटकत होती, तो मी वॉचमनच्या डब्यावर बारा मिनिटांत लिहिला. मी तिला सुरक्षिततेबद्दल लिहिले! सुरक्षितता म्हणजे काय हे त्या खोलीत जी मुलगी रुमाल धरून उभी आहे तिला माझ्यापेक्षा जास्त कळते, आणि खारीला ते तिच्याकडे बघून कळले होते. तुकड्यावर तिने लिहिलेली ती एक ओळ म्हणजे माझी तपासणीच होती. रुमाल सरकला आणि तार अडकली.

तेव्हा माझा सुधारित अभिप्राय खालीलप्रमाणे. फायलीत हाच लावावा.

‘सदर चित्रपट मी तीन वेळा बघितला: एकदा चुकीचा, एकदा बरोबर, एकदा साक्षीदारासह. तो लहान मुलांसाठी आहे काय? आहे, आणि मोठ्यांना तो समजायला तीन वेळा लागतात. दोर: उत्तम. दरवाजे: सदोष, बाहेर उघडतात. हेल्मेट: नाही. वहनक्षमता: एक मुलगी, एक मावशी, एक वजन नसलेला प्रवासी, व मागच्या रविवारी एक निरीक्षक व एक मेकॅनिक. धोक्याची घंटा: वाजते, पण उशिरा ऐकू येते (ऐकणाऱ्याचा दोष). हे काम सुरक्षित आहे काय, या प्रश्नाला उत्तर: ज्या कामात माणूस आधी बघतो आणि मग हात उचलतो, त्या कामात आपल्या घरातली मुलगी जायचे म्हणत असेल तर घराने तिच्या आड येऊ नये. माझा जानेवारीचा अभिप्राय न बघता दिलेला असल्याने तो बावीस वर्षांतला माझा एकमेव खोटा दाखला आहे व तो मी मागे घेत आहे.’

खारीला हे काम जमेल की नाही, याबद्दल मी यात काही लिहिलेले नाही हे तुझ्या लक्षात येईल. तिची चित्रे मी बघितलेली नाहीत. लहानपणी तिने माझे एक चित्र काढले होते, त्यात मला कान नव्हते. ते तेव्हा बरोबर वाटले नाही, आता वाटते. पण तेवढ्यावर अभिप्राय देता येत नाही.

वहिनीला नमस्कार. खारीला काय लिहावे यावर चार मसुदे झाले आणि चारही खोडले, म्हणून तिला तूर्त काही नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. १ : जानेवारीचा कागद फाडू नकोस. तुला फाडवणारही नाही. त्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिही, तारीख घाल आणि नव्याच्या खाली लाव. कोणी पुढे फाइल उघडली तर माझी चूक दिसली पाहिजे.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात वहिनीचा फोन आला. (वाफ, पण लिहून ठेवतो.) ती दबक्या आवाजात बोलत होती, कारण तू आतल्या खोलीत होतास. तिने सांगितले की तू तो चित्रपट मार्चमध्येच बघितलास. दार लावून. दोनदा. आणि दुसऱ्यांदा बाहेर आल्यावर अर्धा तास नाक शिंकरत होतास आणि फायलींची धूळ म्हणत होतास. मी विचारले, मग खारीच्या फॉर्मवर सही का करत नाही? वहिनी म्हणाली, “ते म्हणतात, धाकट्याचा अभिप्राय फायलीत आहे. त्याच्याविरुद्ध मी जाऊ कसा? त्यानंच मागे घेतला पाहिजे.” दादा! मी पाच महिने तुला लिहायला भीत होतो आणि तू मार्चपासून माझ्या कागदाची वाट बघत होतास. वर ज्या तीन तपासण्या लिहिल्या आहेत, त्या तुझ्यासाठी होत्या असे मला वाटत होते. ते जाऊ दे. केल्या ते बरेच झाले.

ता. क. ३ : वहिनीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या, आणि खरे तर या पत्राचे काम आता त्यांच्याशीच आहे. एक, फॉर्मची मुदत बुधवारी संपते. दुसरी, फॉर्मवर तुझ्या सहीखाली आणखी एक सही लागते, ‘अर्जदाराचे काम प्रत्यक्ष पाहिलेली जबाबदार व्यक्ती’ अशी. तुझ्या ऑफिसातले तीन जण करायला तयार होते. खारीने कोणालाही करू दिली नाही. ती जागा अजून रिकामी आहे. वहिनीने विचारले तेव्हा म्हणाली, “काका बघेल तेव्हा करेल.”

ही सही मला करू द्यावी, अशी विनंती आहे. आज केलेली चालणार नाही, हे तिलाही माहीत आहे. आधी तिची सगळी चित्रे बघणार, पहिल्या पानापासून, आणि वाईट असतील तर तसे तोंडावर सांगणार. ती मला तेवढ्यासाठीच थांबली आहे, असे धरून चालतो.

ता. क. ४ : पोस्टाने हे पत्र तुला गुरुवारी मिळेल आणि मुदत बुधवारी संपेल. तेव्हा मीच ते घेऊन सकाळच्या पहिल्या बसने निघतो. रजेचा अर्ज शेजाऱ्यांच्या हाती देऊन ठेवला आहे. दुपारपर्यंत पोचेन. दार उघडल्यावर पत्र तुझ्या हातात देईन आणि तू वाचून संपवेपर्यंत बाहेर पायरीवर बसेन, कारण तोंडी काही सांगितले तर तू ते मानणार नाहीस. (लांबले आहे याची जाणीव आहे. पायरीवर उशी असली तर गुडघ्याला बरे.) मधल्या वेळात खार बाहेर आली तर मी तिच्याशी बोलेन की नाही, ते माहीत नाही. ती बोलली तर बोलेन.

उद्या: दोन्ही चष्मे पिशवीत टाकणे.